पालथं भांडं

नंदनवन, नागपूर
७ जुलै २०२५

चि. दीक्षा हिस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं ते दुकानात आणून दिलं तेव्हा सगळे कारागीर हातातलं काम टाकून बघायला लागले. गिरिधर म्हणाला, "सेठ, आजकाल पोस्टानं तर कोर्टाची नोटीस येते. काय करून बसले गा तुम्ही?" मी म्हटलं, भाचीचं पत्र आहे. तर म्हणतो, "काहून, तिच्याकडं फोन नाही?"

तुझ्याकडं फोन आहे, टेकडीवर चढलं की रेंजही येते, हे मला ठाऊक आहे. तू पत्र का लिहितेस तेही ठाऊक आहे. महाल भागात फुटपाथवर पोतं अंथरून कूलर-पंख्यांच्या मोटारींचं वाइंडिंग भरायला बसलो, तेव्हापासून मी कानांवर पोट भरत आलो. गिऱ्हाईक कूलरची मोटार चालू करतं आणि मी मान वर न करता सांगतो, बेअरिंग गेलं की वाइंडिंग जळालं. माणसांचंही तेच. हॉस्टेलवरून तू "जेवले मामा" म्हणायचीस आणि मी विचारायचो, काय जेवलीस, हवा? म्हणून आता तू कागद निवडलास. कागदाला आवाज नसतो. हुशार आहेस, शेवटी माझ्या घरात वाढलीस.

पण कागदही थोडा वाजतो बरं. तुझ्या पत्रात शाळा आहे, रोपवाटिकेत रोशनची ड्युटी आहे, शेजारणीच्या मांजरीनं कुठं पिल्लं घातली ते आहे. तू कुठंच नाहीस. मागच्या दोन्ही वेळेला तू अशीच पत्रातून गायब झाली होतीस. तेव्हा एकच विचारतो: कितवा महिना?

त्या दोन वेळांबद्दल मी काही लिहीत नाही. फक्त या वेळी इथल्या धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंना आधी दाखव. नाव मी घालून ठेवलंय. मामी म्हणते, नातवंडाच्या वाटेकडं डोळे लावून तिचा चष्म्याचा नंबर वाढला.

मामीशी परवा पुन्हा तेच भांडण झालं. तिनं पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलं, मी उठून सरळ केलं. "आता तरी ही खोड सोडा," म्हणाली. काय करू? पालथ्या भांड्यातून मला लहानपणापासून आवाज येतो. आत कोणीतरी बारीक हाक मारतंय असा. हवा कोंडते, दुसरं काही नाही. तू लहानपणी कान लावून बसायचीस आणि रडायचीस, मलाच का येत नाही म्हणून. आठवतं?

जावईबापू रोशनला जय भीम.

तुझा,
देवरावमामा

*

खैरडोह
१९ जुलै २०२५

आदरणीय मामा,
जय भीम.

पाचवा संपत आला. तुम्हाला कळणारच होतं, पण कागदावरून कळेल असं वाटलं नव्हतं. रागावू नका. मागच्या दोन्ही वेळेला सगळ्यांना आधी सांगितलं आणि नंतर सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. ते दुसऱ्यांदा सांगणं मला आता जमणार नाही.

धंतोलीला येईन. लगेच नाही.

आज दुसऱ्याच एका गोष्टीसाठी लिहितेय. शाळेच्या मागं जी टेकडी आहे, तिच्यात कोरलेली एक खोली आहे. खूप जुनी. बाहेरच्या पाटीवर 'बौद्ध लेणे, हारिती' एवढंच वाचता येतं, बाकीचा रंग उडालाय. इथल्या बाया तिला राखणमाय म्हणतात. शाळेतल्या मुलांना घेऊन मी पाहायला गेले. देव म्हणून नाही मामा, आपलं लेणं म्हणून.

हारितीची कथा तुम्हाला ठाऊक असेल. राजगृहातली यक्षिणी, लोकांची लेकरं पळवून खायची. भगवंतांनी तिचं सगळ्यात धाकटं लेकरू आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती जगभर रडत फिरली. मग त्यांनी विचारलं, इतक्यांतलं एक गेलं तर तुझं हे असं होतं, ज्यांचं एकुलतं नेलंस त्यांचं काय झालं असेल? तेव्हापासून ती लेकरांची राखणदार झाली, आणि विहारात रोजच्या जेवणातला एक वाटा तिचा ठरला. मूर्ती धष्टपुष्ट आहे. पायाशी दगडी मुलं खेळताहेत. मांडीवर एक आहे, त्याचा चेहरा हात लावून लावून गुळगुळीत झालाय.

तिथं गोपिकाबाई म्हणून एक म्हातारी असते. झाडलोट करते, सकाळी भाताचे मुटके करून मूर्तीपुढं ठेवते. मला पाहून म्हणाली, "मास्तरीणबाई, पोट झाकून काहून उभी आहे वं? तिच्यापासून काय लपते?" मी अजून शाळेतही कुणाला सांगितलेलं नाही.

तिनं इथली रीत सांगितली. ज्यांची लेकरं राहत नाहीत त्या बाया इथं येऊन लेकरू राखणमायच्या ओटीत घालतात. कुणी पोटातलंच घालतं. एकच शब्द म्हणायचा, 'राख'. मग लेकराचं नाव मुद्दाम वंगाळ ठेवायचं, आणि त्याला पहिला दात दिसायच्या आत पायलीभर ज्वारी देऊन परत विकत घ्यायचं. मी म्हटलं, देवीकडं मागायचं ना? तर एकदम गंभीर झाली. "इथं मांगाचं नाही बाई. मांगणाऱ्याले ते विचारते, माह्यं मले कोणी देल्लं होतं?" इथल्या कथेत ते लपवलेलं लेकरू तिला कधी परत मिळालंच नाही.

मग तिनं मुटके मांडले. पहिला राखणमायचा. पुढचे, ज्यांना परत न्यायला कुणी आलंच नाही त्या लेकरांचे. एकेक ठेवताना एकेक नाव घेत होती. बहुतेक नावं ऐकूनच कळत होतं, ती माणसं कधीच गेली असणार. शेवटचा मुटका ठेवताना म्हणाली, "आन् हा नागपूरले गेला त्याचा. अंजनाचा धोंडबा."

मामा, आजीचं नाव अंजनाबाई. तिचं माहेर हेच गाव. आणि चिडली की ती तुम्हाला धोंडबा म्हणायची.

हे तुम्हीच का?

तुमची,
दीक्षा

*

नंदनवन, नागपूर
२८ जुलै २०२५

चि. दीक्षा,
जय भीम.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. हारितीच्या आधीचा भाग तीनदा वाचायला लावला आणि पदर डोळ्याला लावून बसली. पुढचा भाग मी तिला वाचून दाखवला नाही.

हो, तो धोंडबा मीच. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट तुझ्या आजीची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, आणि ती तुला सांगायची राहून गेली म्हणून मला वाईट वाटतंय.

माझ्या आधीची दोन गेली. म्हणून मी झालो तेव्हा माहेरच्या बायांनी तिला टेकडीवर नेलं. छप्पन सालचा उन्हाळा. दिवाळीच्या आत पायलीभर ज्वारी घेऊन परत आणू असं ठरलं. पण दिवाळीआधी ऑक्टोबर आला. माझे वडील तिला आणि तिच्या सासूला घेऊन पायी नागपूरला आले. मी तिच्या कडेवर होतो. पांढरं लुगडं नेसून तिनं त्या गर्दीत उभं राहून दीक्षा घेतली, प्रतिज्ञा म्हटल्या, आणि परतीच्या वाटेवर सासूला सांगितलं, आता कोणत्या दगडापुढं वाकणार नाही. सासू म्हणाली, "पोराले दात येऊन राहिला, आधी सोडवून तर आण." आई म्हणाली, "माझं लेकरू कुणाकडं गहाण नाही." ती गेली नाही. मी जगलो, वाढलो, दोन मजली दुकान बांधलं. त्या दगडाला उत्तर हवं असेल तर हे उत्तर आहे.

राहिली ती गोपिकाबाई. अंजना गावची लेक होती, तिचा धोंडबा नागपूरला गेला, हे खैरडोहमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ठाऊक असणार. तू माझी भाची हेही गावाला ठाऊक. पोट झाकणारी बाई ओळखायला तर कुणी यक्षिणी लागत नाही. मी धंदा करून राहिलो वं पोरी, गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच त्याच्याबद्दल दोन गोष्टी माहीत करून ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. त्या बाईला तुझ्याकडून काय हवंय ते बघ. आणि तिच्या हातचं काही खाऊ नकोस.

लेणं म्हणून जा, शंभर वेळा जा. पण आधी धंतोली.

तुझा,
देवरावमामा

*

खैरडोह
३० ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
जय भीम.

उत्तराला उशीर झाला. बाळ कमी हलतंय. कालपासून तर मी श्वास धरून वाट बघतेय.

रोशन रोज भांडतो. "गाडी दारात आणून उभी करतो, उठ, धंतोलीले चाल," म्हणतो. काल तर माझी बॅग भरून दारात ठेवली. तुम्हाला वाटत असेल तोच मला अडवतोय, पण तसं नाही. मीच अडून बसलेय. का, ते सांगते.

मी पुन्हा वर गेले होते. गोपिकाबाईला तुमचं सगळं म्हणणं सांगितलं, आजीचंही. तिला राग आला नाही. म्हणाली, "चांगलीच होती अंजना. पण सोडवून नेलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, माझे मामा ठणठणीत आहेत, त्यांचं काय बिघडलं? तर हसली. "त्याचं कायले बिघडन? ते राखून राहिली त्याले. बिघडते ते त्याच्या घरचं. ज्या घरचं लेकरू तिच्यापाशी राह्यलं, त्या घरात पाळणा हलत नाही. हलला तर थांबते."

मामा, मी हे लिहू नये. पण तुमच्या घरात पाळणा हलला नाही. आईला मी एकटीच, आणि आई गेल्यावर मी तुमच्याच घरची झाले. आणि माझा दोनदा थांबला.

हेही योगायोग म्हणाल. मीही म्हणत होते. पण निघताना तिनं विचारलं, "त्याचे कान कसे आहेत?" आणि स्वतःच म्हणाली, "तिखट असतीन. राखलेल्या लेकराचे कान लय तिखट राहते, पहाऱ्यावर बसवते ना ते त्याले. पालथ्या भांड्यात आवाज येत असन त्याले. पात्राखाली ठेवलं होतं ना तिचं लेकरू, ते अजून हाक मारते."

ही गोष्ट तुम्ही, मामी आणि मी सोडून कुणाला ठाऊक आहे? रोशनलाही मी कधी सांगितलेली नाही.

तुम्ही या. एकदाच. तुम्हाला वाकायचं नाही, हात जोडायचे नाहीत. ज्वारी मी देईन, विकतही मीच घेईन, रीत तशीच आहे. तुम्ही फक्त उभं राहायचं. तोवर मी खैरडोह सोडणार नाही. सोडलं आणि वाटेत काही झालं, तर मी जन्मभर एकच विचार करत राहीन.

तुमची,
दीक्षा

*

नंदनवन, नागपूर
४ सप्टेंबर २०२५

चि. दीक्षा,

शनिवारी गाडी घेऊन येतो. मामी सोबत येईल, तिला लेणं बघायला जातोय एवढंच सांगितलंय.

माझी अट ऐक. मी आत उभा राहीन, पायातली चप्पल बाहेर काढीन कारण ते लेणं आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. काम झालं की तू टेकडीवरून थेट गाडीत बसशील आणि गाडी धंतोलीतच थांबेल. बॅग रोशनला आधीच गाडीत टाकायला सांग.

माझ्या आईनं एका गर्दीसमोर जे सोडलं ते मी एका म्हातारीसमोर धरणार नाही. पण तू श्वास धरून बसली आहेस, आणि तुझ्या त्या एका ओळीचा आवाज मला इथवर आला. तो ऐकून मी दुकानात बसू शकत नाही.

देवरावमामा

*

नंदनवन, नागपूर
१२ जानेवारी २०२६

चि. दीक्षा,
अनेक आशीर्वाद. विहंगला गोड पापा.

तू परत गेलीस आणि घर मोठं झालं. मामी पाळण्याची दोरी अजून खुंटीवरून काढत नाही. तू पोचल्याचा फोन आला तेव्हा तो तिनंच घेतला. तू माझ्याशी बोललीस, मी हो हो म्हणालो, ते सगळं तिच्या तोंडाकडं बघून. आता आपल्या दोघांना पत्रंच बरी. पूर्वी माझ्या कानांना चुकवायला तू लिहायचीस, आता कान नाहीत म्हणून मी लिहितो. गंमत आहे.

धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. नस वाळली म्हणतात, या वयात होतं. मशीन लावून बघितलं, त्यातही नुसता खरखराट. दुकान गिरिधर बघतो. परवा एकजण मोटार घेऊन आला, मी सवयीनं मान हलवून "बेअरिंग" म्हणालो. गिरिधरनं उघडली तर वाइंडिंग जळालेलं होतं. तो गिऱ्हाइकाला चहा पाजायला बाहेर घेऊन गेला.

विहंग जन्मला तेव्हा तो रडला असं सगळे म्हणाले. मला त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. एवढंच.

हे सगळं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आज लिहितो, कारण तेव्हा तू आठव्या महिन्याच्या जवळ होतीस आणि तुझ्या डोक्यात आणखी काही घालायची माझी इच्छा नव्हती. माझे कान हळूहळू गेले नाहीत. ते त्या खोलीतच गेले.

आठवून बघ. गोपिकाबाईनं ज्वारी मूर्तीच्या मांडीपाशी ओतली. तुला कान झाकून घ्यायला लावले. "विकत घेणाऱ्यानं आयकाचं नसते," म्हणाली. तू तळवे घट्ट दाबून डोळे मिटून उभी राहिलीस. मग तिनं माझ्याकडं पाठ करून मूर्तीकडं तोंड केलं. मी जरा बाजूला होतो, मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. छतातून पाण्याचा थेंब पडत होता, खाली मामी कुणाशी तरी बोलत होती, ते सगळं मला नेहमीसारखं ऐकू येत होतं. ती दोन शब्द बोलली. पहिला मी ऐकला, "राखलं". दुसऱ्या शब्दाला तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. थेंब पडताना दिसला, त्याचाही आला नाही.

मी बाहेर आलो, चप्पल घातली. वाटलं, टेकडी चढून कानात दडा बसला असेल.

एक चांगलीही गोष्ट सांगतो. परवा मामी बाहेर गेली असता मी मुद्दाम एक पातेलं पालथं घालून त्याला कान लावला. काही नाही. जन्मात पहिल्यांदा शांत. त्या दुपारी मला अशी झोप लागली की मामी घाबरून नाकापुढं बोट धरून बसली होती.

मी अजूनही काही मानत नाही. नस वाळायची ती त्या दिवशी वाळली. पण एक विचारतो. मी बाहेर चप्पल घालत होतो तेव्हा तू लगेच आली नाहीस. पट्टा लावून झाला, मामीला हात केला, तरी तू आतच होतीस. काय करत होतीस?

तुझा,
देवरावमामा

*

खैरडोह
९ एप्रिल २०२६

आदरणीय मामा,
जय भीम.

तीन महिने हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. मामीला फोनवर "सगळं बरं आहे" म्हणते आणि ती मानते. तुमचे कान असते तर पहिल्याच दिवशी सापडले असते. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही बाहेर गेलात. मीही वळले. गोपिकाबाईनं माझा हात धरला. म्हणाली, "मांडी रिकामी झाली वं बाई. ते रिकामी बसत नाही." मी विचारलं, म्हणजे? "तुह्या मामानं इतकी वर्षं जागा धरली होती. आता बघ, तुह्या पोटात हलून राहिलं का?"

हलत नव्हतं, मामा. सकाळपासून एकदाही नाही. मला आधीच्या दोन्ही वेळा आठवल्या, ते दवाखान्यातले पांढरे चेहरे आठवले. मी मूर्तीच्या मांडीला हात लावला आणि म्हटलं, राख.

त्याच क्षणी त्यानं लाथ मारली. इतकी जोरात की मी ओरडले. तुम्ही चप्पल घालत होतात, तुम्ही वळूनही बघितलं नाही. तेव्हा मला वाटलं, मामांना राग आलाय म्हणून बघत नाहीत.

मी स्वतःला समजावलं. दात यायच्या आत ज्वारी घेऊन जाऊ आणि सोडवून आणू, त्यात काय. इथं परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात गेले. गोपिकाबाई म्हणाली, थंडी जाऊ दे, लेकराला वर आणू नको. मग मार्चमध्ये बाया भात घेऊन वर गेल्या तर ती तिथंच पायरीला टेकून बसलेली होती. गार झालेली. मुटके मांडून झाले होते.

तिला लेक नव्हती. सोडवायचे शब्द तिला तिच्या आईनं सांगितले होते, आणि आईला तिच्या आईनं. गावात सगळ्यांना विचारलं. ज्यांनी लेकरं सोडवून आणली त्या सगळ्या म्हणतात, आम्ही तर कान झाकून उभ्या होतो. एकजण म्हणाली, "सोपं आहे, 'दे' म्हणाचं." दुसरी तिच्यावर धावून गेली. "तिथं मांगते का कोणी? चिडून तिनं लेकरूच नेलं म्हंजे?"

विहंग चांगला आहे. वजन वाढतंय, हसतो. पण दार वाजायच्या आधी दाराकडं बघतो. रोशनची मोटरसायकल मला ऐकू येत नाही तेव्हा त्याला ती आलेली कळते.

आणि काल मी भांडी घासून ओट्यावर पालथी घातली. तो माझ्या कडेवर होता. त्यानं मान वळवली आणि एका पातेल्याकडं बघत राहिला. मी जागा बदलली, तो पुन्हा वळला. मग त्याचा चेहरा असा झाला मामा, की तो रडणार नव्हता, उत्तर देणार होता.

मी सगळी भांडी सरळ केली. आता घरात एकही पालथं नाही.

त्याची लाळ गळतेय. जे हातात येईल ते हिरडीनं चावतो. खालची हिरडी बोटाला टणक लागते.

आपल्या सगळ्यांमध्ये त्या खोलीत कान उघडे ठेवून उभे होतात ते फक्त तुम्ही. दुसरा शब्द तुम्ही ऐकला नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही तिचा चेहरा बघितला होतात. काहीही आठवत असेल तर कळवा.

माझ्यावर रागवायचं असेल तर नंतर रागवा.

तुमची,
दीक्षा

*

नंदनवन, नागपूर
१४ एप्रिल २०२६

चि. दीक्षा,
जय भीम.

रागावलो नाही. तू त्या क्षणी जे म्हटलंस ते माझ्या आईनंही म्हटलं होतं. तिची आधी दोन गेली होती, तुझीही दोन.

आज चौदा एप्रिल. बाहेर रस्त्यावर मिरवणूक जातेय. खिडकीची काच हाताला थरथरते म्हणून कळतं, डीजे जोरात असणार. मामी मला पांढरा सदरा काढून ठेवून खाली गेली आहे. मी वर बसून तोंडानं शब्द करून बघतोय. आरशापुढं.

तुझं पत्र आल्यापासून हेच चाललंय. बहिरा झाल्यापासून मला माणसांचे ओठ बरे वाचता येतात. गिरिधर "चहा" म्हणतो की "जा" म्हणतो ते मला आता कळतं. तेव्हा मी तो अर्धा चेहरा पुन्हा पुन्हा समोर आणला. गोपिकाबाईचे ओठ दुसऱ्या शब्दाला मिटले नाहीत. तोंड थोडं उघडलं, ओठ बाजूला ताणले गेले, दात नव्हते म्हणून आतली जीभ पुसट दिसली. शब्द छोटा होता, एका अक्षराचा. शेवटी 'ए' होता, एवढं मी शपथेवर सांगतो.

'राखलं, दे.' असं असेल. पण ती बाई आयुष्यभर सांगत आली, इथं मागायचं नाही.

'राखलं, घे.' असंही असेल. ज्वारी घे. किंवा राखणदारी तुझी तू परत घे. पण हाच शब्द आईनं म्हटला तर त्याचा अर्थ 'लेकरू घे' असा होतो, हे तुला सांगायला नको.

आरशापुढं दोन्ही म्हणून बघितले. दे. घे. कान नसलेल्या माणसाला त्यात काहीही फरक दिसत नाही. मामी वर आली आणि मला तसं बघून म्हणाली असावी, "कोणाले देऊन राहिले, काय घेऊन राहिले?" मी तिलाच दोन्ही शब्द म्हणायला लावले. तिच्या तोंडावरही तेच. ती हसत होती, मग माझ्याकडं बघून तिचं हसू थांबलं.

मी मानत नाही, दीक्षा. हे मी पुन्हा लिहितो, कारण आज लिहिलं नाही तर कधी लिहिणार? माझी आई सांगून गेली की लेकरू कुणाकडं गहाण नसतं. पण ती मला कडेवर घेऊन निघून आली आणि तिच्या जागी मीच तिथं बसून राहिलो, हेही आता मला दिसतंय. पहारा मला जमतो. जन्मभर केला, त्यातून दुकान उभं राहिलं, तू वाढलीस. वाईट नोकरी नव्हती.

म्हणून मी असं ठरवलंय. उद्या हे पत्र स्पीड पोस्टात टाकतो, ते तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. रविवारी सकाळी मी येतो, एकटा, बसनं. कानाचं नवं मशीन बघायला जातो म्हणून मामीला सांगीन. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, म्हणून खोटं बोलताना तो कसा लागतो ते मला कळणार नाही. तिला कळेल कदाचित. कळू दे.

तू ज्वारी घेऊन ये. विहंगला आणू नकोस, तो रोशनजवळ राहू दे. ज्वारी मांडीपाशी ओत, बाहेर जा आणि पायरीवर उभं राहून 'दे' म्हण. मागायचं नाही, हे बायांचं बोलणं विसर. तू आई आहेस, मागितलंस तर मागितलंस.

त्याच वेळी मी आत असेन. मांडीवरच्या त्या गुळगुळीत चेहऱ्यावर माझा हात असेल, आणि मी 'घे' म्हणेन, विहंगच्या जागी मला. दोन्हीतला एक शब्द बरोबर आहे. तुझा बरोबर असेल तर आपण दोघं मिळून खाली उतरू आणि मी रोशनच्या हातचा चहा पिईन.

माझा बरोबर असेल तर तुला बाहेर उभ्या उभ्या कळणार नाही, मला कळेल. मला छतातून पडणाऱ्या थेंबाचा आवाज येईल. तसं झालं तर मी बाहेर येऊन तुला काही सांगणार नाही. तू घरी जा, एक पातेलं पालथं घाल आणि विहंगकडं बघ. त्यानं मान वळवली नाही की समज.

आणि मग माझ्या घरी फोन कर. पत्र नको. फोन कर, मी उचलेन.

तुझा,
धोंडबा